जुन्या सोल आणि पॉप हिट्सची कलेक्शन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटाउन, स्टॅक्स या जुन्या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्या किंवा अरीथा, ओटिस, सुप्रीम्स हे त्या काळातले गाणारे, ही नावं मी कुठेही काढली की तेच तेच प्रश्न येतात. कुठली सीडी घेऊ, ग्रेटेस्ट हिट्स ऐकलं तर चालतं का, ही गाणी अजून का विकतात वगैरे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकाच ठिकाणी टाकलंय. माझी ओळख या गाण्यांशी झाली ती मामामुळे, तो मर्चंट नेव्हीत होता आणि सुट्टीवर रत्नागिरीला आला की बॅगेत साबण-चॉकलेटांच्या खाली कॅसेट असायच्याच, त्यातली एक मोटाउन हिट्सची होती. तिच्याबद्दल खाली येईलच.

सोल म्हणजे नक्की काय हो? आर अँड बी आणि सोल एकच का?

चर्चमधलं गाणं रस्त्यावर आलं आणि प्रेमाच्या गोष्टी बोलायला लागलं, ते सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायचे, त्यात एकजण पुढे गातो आणि बाकीचे त्याला मागून उत्तर देतात. आपल्याकडे भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून धरतात ना, तीच पद्धत. १९५४ च्या शेवटी रे चार्ल्सनं 'आय गॉट अ वुमन' रेकॉर्ड केलं, त्यात गॉस्पेलचा ढंग जसाच्या तसा आणि देवाच्या जागी बाई. अभंगाच्या चालीवर कुणी शृंगारिक लावणी बसवली तर गावातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील, तसाच गहजब तिकडे चर्चवाल्यांनी केला. सॅम कुक तर 'सोल स्टिअरर्स' या नावाजलेल्या गॉस्पेल ग्रुपचा मुख्य गायक, तो १९५७ मध्ये 'यू सेंड मी' घेऊन पॉपकडे आला आणि थेट नंबर एकवर गेला. अरीथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटमधले मोठे धर्मोपदेशक होते, ती लहानपणापासून त्यांच्याच चर्चमध्ये गायची.

आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूज, हा शब्द आधीचा आणि जास्त पसरट. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत साप्ताहिकानं १९४९ मध्ये काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीचं 'रेस रेकॉर्ड्स' हे जुनं नाव काढून तो लावला, आणि १९६९ मध्ये त्याच यादीचं नाव 'सोल' केलं. त्यामुळे काटेकोर सीमारेषा शोधत बसू नका, गायकाच्या गळ्यात चर्च ऐकू येतंय का एवढं बघा.

मोटाउन ही कंपनी होती का स्टाइल?

दोन्ही. बेरी गॉर्डी नावाचा डेट्रॉइटचा माणूस, आधी बॉक्सिंग करायचा, मग मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होता, सोबत गाणी लिहायचा. जानेवारी १९५९ मध्ये घरच्यांनी मिळून जो बचत फंड काढला होता त्यातून ८०० डॉलर उसने घेतले आणि कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं साधं दुमजली घर घेतलं, त्यावर 'हिट्सव्हिल यूएसए' अशी पाटी लावली, मागच्या बाजूला आधी फोटो स्टुडिओ होता तिथं रेकॉर्डिंगची खोली केली. छतावरून वायरी लोंबायच्या म्हणून वाजवणारे त्या खोलीला 'स्नेकपिट' म्हणायचे. घुमारा हवा म्हणून पोटमाळ्याचा वापर केला, आवाज वर सोडायचा आणि तिथून परत रेकॉर्ड करायचा. मोठा खर्च करायला पैसे नव्हते पण कान फार तयार होते.

गॉर्डीनं कारखान्यातली पद्धत गाण्यांना लावली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, गायक येणार आपला भाग गाऊन जाणार, आणि शेवटी दर आठवड्याला क्वालिटी कंट्रोलची मीटिंग. त्यात विचारायचे की खिशात शेवटचा डॉलर असेल तर तुम्ही ही रेकॉर्ड घ्याल का सँडविच? जी गाणी या मीटिंगमध्ये पडली ती कपाटात गेली. पोरं गाडीच्या रेडिओवर ऐकणार हे माहीत होतं म्हणून मिक्स झालेलं गाणं छोट्याशा, पत्र्यासारख्या वाजणाऱ्या स्पीकरवर लावून तपासायचे. आजही मोबाईलच्या फालतू स्पीकरवर मोटाउनची गाणी ठणठणीत वाजतात त्याचं कारण हेच, स्वतः लावून बघा.

१९६१ मध्ये मार्व्हलेट्सचं 'प्लीज मिस्टर पोस्टमन' हे त्यांचं पहिलं पॉप नंबर एक. पुढे एकट्या सुप्रीम्सची बारा गाणी अमेरिकेत नंबर एकला गेली, त्यातली पाच तर १९६४-६५ मध्ये लागोपाठ. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. माझ्या मते तिथून पुढे तो आवाज तसा राहिला नाही.

आणि स्टॅक्स? दोन्हीत फरक काय?

मोटाउन म्हणजे इस्त्री केलेला शर्ट, स्टॅक्स म्हणजे बाह्या वर केलेला. स्टॅक्स मेम्फिसची, दक्षिणेतली. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन, दोघांच्या आडनावातली सुरुवातीची अक्षरं घेऊन १९६१ मध्ये स्टॅक्स हे नाव झालं. एस्टेलबाईंनी मशीन घेण्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचं बंद पडलेलं सिनेमा थिएटर भाड्यानं घेतलं, खुर्च्या काढल्या पण जमिनीचा उतार तसाच ठेवला, आणि तो खोलगट, जाडसर आवाज त्या उतरत्या हॉलमधूनच आलाय असं बरेच जण मानतात. जिथं पॉपकॉर्न विकायचे तिथं बाईंनी रेकॉर्डचं दुकान टाकलं. मोहल्ल्यातली पोरं यायची, नवीन गाणं लावलं की कोण नाचतंय, कोण तसंच निघून जातंय हे त्या बघायच्या आणि मग आत जाऊन सांगायच्या. मोटाउनची मीटिंग एकीकडे आणि हा काउंटर एकीकडे, मला तर हा काउंटर जास्त भारी वाटतो.

मोटाउनमध्ये व्हायोलिन, कोरस, सगळं भरलेलं असतं. स्टॅक्समध्ये ड्रम, बेस, गिटार, ऑर्गन आणि दोन-तीन पितळी वाद्यं, बास. मधे मोकळी जागा भरपूर, आणि त्या जागेत ओटिस रेडिंगसारखा माणूस काय काय करतो ते ऐकायचं. तिथला घरचा बँड बुकर टी अँड द एमजीज, चौघांपैकी दोघं काळे आणि दोघं गोरे, आणि हे त्या वेळच्या मेम्फिसमध्ये, जिथं हॉटेलात एकत्र जेवायची सोय नव्हती. म्हणून ही मंडळी लोरेन मोटेलमध्ये जमायची, तिथं सगळ्यांना जागा मिळायची. 'इन द मिडनाइट अवर' आणि 'नॉक ऑन वुड' दोन्ही तिथल्या खोल्यांत लिहिली गेली. त्याच मोटेलच्या गॅलरीत ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांना गोळी घातली.

'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकणं म्हणजे शॉर्टकट नाही का? खरे रसिक पूर्ण अल्बम ऐकतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात जरा संकोच असतो, जसं काही हिट्सची सीडी घेणं म्हणजे पुस्तक न वाचता गाइड वाचण्यासारखं आहे. मला हे अजिबात पटत नाही आणि कारण सांगतो.

साठच्या दशकातलं सोल हे सिंगल्सचं संगीत होतं. पंचेचाळीस स्पीडची छोटी तबकडी, एका बाजूला एक गाणं. सगळी मेहनत, सगळे पैसे, सगळी डोकी त्या एका गाण्यावर. अल्बम नंतर जोडायचे, दोन-तीन हिट गाणी, बाकी दुसऱ्यांची गाजलेली गाणी गाऊन घेतलेली किंवा घाईत उरकलेली. म्हणजे सुप्रीम्स किंवा फोर टॉप्सचा १९६५ चा एखादा अल्बम पूर्ण ऐकलात तर तुम्ही जास्त 'प्रामाणिक' होत नाही, तुम्ही फक्त भरीचा माल जास्त ऐकता. ती एक एक तबकडी हेच मूळ काम होतं आणि कलेक्शन म्हणजे ती कामं एका पेटीत ठेवणं. आपण भावगीतं ऐकतो तेव्हा कुठे विचारतो की हे कुठल्या अल्बममधलं? गाणं पुरतं.

आता याला अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. मार्व्हिन गेचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' तुकडे करून ऐकू नका, एका गाण्यातून दुसरं गाणं निघतं, मधे दार बंदच होत नाही. सत्तरच्या दशकातला स्टीव्ही वंडर, तोही पूर्ण ऐकायचा. ओटिसचा १९६५ चा 'ओटिस ब्लू' सुद्धा. पण १९५९ ते साधारण १९६९, तिथं हिट्स कलेक्शन हाच राजमार्ग आहे, लाज कसली.

'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार सुरू कुणी केला?

जॉनी मॅथिसचा १९५८ चा 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' हा साधारणपणे पहिला धरतात, आणि तो अमेरिकेच्या यादीत वर्षानुवर्षं टिकला. त्यानंतर सगळ्या कंपन्यांना कळलं की हे दुसऱ्यांदा विकता येतं. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या विनिपेगची के-टेल कंपनी टीव्हीवर जाहिरात करून वेगवेगळ्या गायकांची वीस-वीस गाणी एका एलपीवर विकायची. एवढी गाणी एका तबकडीवर बसवायची म्हणजे खाचा बारीक, आवाज हळू, आणि काही गाणी तर मधेच कापलेली. ब्रिटनमध्ये 'मोटाउन चार्टबस्टर्स' मालिका होती, त्यातला १९६९ चा चंदेरी कव्हरचा तिसरा भाग कुठं मिळाला तर सोडू नका.

पन्नास-साठ वर्षं झाली, तरी ही कलेक्शन्स का खपतात?

आधी आकडे बघा म्हणजे किती खपतात ते कळेल. ईगल्सचा १९७६ चा ग्रेटेस्ट हिट्स, त्याला २०१८ मध्ये अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनम (दहा लाख प्रतींना एक) मोजलं गेलं. क्वीनचा १९८१ चा ग्रेटेस्ट हिट्स हा ब्रिटनमधला आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. 'अ‍ॅबा गोल्ड' १९९२ चा, ब्रिटनच्या यादीत हजारापेक्षा जास्त आठवडे. हे सोल नाहीत, पण पहिल्या नंबरवर जाऊन बसणारी नवीन गाणी महिन्यात विसरली जातात आणि हे बसलेलेच.

कारण एक म्हणजे वय. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट राहतात आणि गाणं त्या आठवणीला चिकटून येतं. पण नुसतं तेवढंच असतं तर ते ऐकणारे संपले की गाणी संपली असती. दुसरं कारण सिनेमा. १९८३ मध्ये 'द बिग चिल' आला, त्यात मोटाउनची जुनी गाणी, आणि साउंडट्रॅक धो धो विकला. बेन ई किंगचं 'स्टँड बाय मी' १९६१ चं, त्याच नावाचा सिनेमा १९८६ मध्ये आला आणि पंचवीस वर्षांनी ते गाणं परत अमेरिकेच्या पहिल्या दहात. १९८७ मध्ये तर ब्रिटनमध्ये नंबर एक. ज्या पोरांनी ते विकत घेतलं त्यातली बरीच गाणं निघालं तेव्हा जन्मलीही नव्हती.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कारण, ही गाणी बनवतानाच गाळून गाळून घेतलेली आहेत. आधी मीटिंग, मग रेडिओ, मग काउंटरवरची पोरं, मग यादी. आणि त्यातूनही जी साठ वर्षं टिकली तीच कलेक्शनवर येतात. म्हणजे तुम्ही चौथ्यांदा-पाचव्यांदा चाळलेलं पीठ खाताय.

मी अगदी नवीन आहे. एक गाणं सांगा आणि त्यात काय ऐकायचं तेही सांगा.

टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल'. डिसेंबर १९६४ मध्ये निघालं, मार्च १९६५ मध्ये नंबर एक. लिहिलं स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइटनं, गायलाय डेव्हिड रफिन.

हेडफोन लावा. आधी बेस एकटाच येतो, शांत, दोन सुरांवर डोलणारा. तो जेम्स जेमर्सन. त्यावर गिटार चढते आणि इथं जरा थांबा, कारण ती गिटार जे सूर घेते ते सा रे ग प ध सां आहेत. हो, भूप. मध्यम नाही, निषाद नाही, सरळ भूपाचा आरोह. मी शाळेत असताना पेटी शिकायला जायचो आणि सरांनी भूपाचे अलंकार घोटून घेतले होते, त्याच वर्षी मामाच्या कॅसेटवर हे गाणं लागलं आणि मी पेटीवर बसून ते सूर काढले. अंगावर काटा आला. मग जेव्हा कॉर्ड बदलते तेव्हा तीच चढण मध्यमाला सा धरून परत येते, म्हणजे भूपच, पण दुसऱ्या पट्टीत. कुणी कुणाकडून घेतलं असं काही नाही, पाच सुरांची ही शिडी जगभर सगळ्यांना सापडलेली आहे. पण आपल्या कानाला हे गाणं पहिल्यांदा ऐकूनही ओळखीचं का वाटतं त्याचं उत्तर यात आहे असं मला मनापासून वाटतं.

मग चुटक्या, मग ड्रम, मग आवाज, मग मागचे चौघं, मग पितळी वाद्यं, मग व्हायोलिन. एकेक पाहुणा दारातून आत यावा तसं. शेवटच्या कडव्याआधी अख्खं गाणं एक सूर वर सरकतं, ते पकडा.

मागे वाजवणारे कोण होते? कव्हरवर नावंच नसतात.

नव्हतीच! ही मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. मोटाउनच्या जवळजवळ सगळ्या हिट्सवर तेच ठरलेले वादक, स्वतःला फंक ब्रदर्स म्हणायचे. बेसवर जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस, जो मेसिना. कव्हरवर त्यांचं नाव पहिल्यांदा नीट छापलं गेलं ते १९७१ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, तोपर्यंत डझनावारी नंबर एक होऊन गेले होते. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा, त्या बोटाला 'द हुक' म्हणायचे, आणि बेसच्या तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. १९८३ मध्ये गेला.

२००२ मध्ये यांच्यावर माहितीपट आला. त्यात रॉबर्ट व्हाइटची गोष्ट आहे. एका हॉटेलात जेवायला बसलाय, 'माय गर्ल' लागतं, वेटरला सांगायला तोंड उघडतो की ही गिटार माझी, आणि न सांगताच गप्प बसतो. आपल्याकडे हिंदी सिनेमाची गाणी गोव्याच्या वादकांनी वाजवली, व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन, आणि तबकडीवर नाव संगीतकाराचं. आपल्याला हे दुखणं समजावून सांगायला नको.

सीडी घेतली, पण गाणी 'वेगळीच' वाटतायत. तेच गायक, तरी मजा नाही. माझे कान खराब झालेत का?

कान ठीक आहेत, तुमची फसवणूक झालीय. मीही यात पडलोय, कॉलेजात असताना फुटपाथवरून एक सोल हिट्सची सीडी घेतली, वर सगळी मोठी नावं, घरी येऊन लावली तर ड्रम प्लास्टिकचे, कीबोर्ड लग्नाच्या बँडसारखा आणि गायकाचा आवाज थकलेला.

होतं काय, मूळ रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असतात. करारात साधारणपणे लिहिलेलं असतं की अमुक वर्षं तेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. ती मुदत संपली की गायक दुसऱ्या कुणासाठी तेच गाणं परत गातो, वीस-पंचवीस वर्षांनी, स्वस्त स्टुडिओत. त्या गायकाचा दोष मी देणार नाही, मूळ रेकॉर्डवर त्यांना बरेचदा फार थोडे पैसे मिळालेले होते आणि हे त्यांच्या पोटाचं काम होतं. पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड' किंवा 'न्यू रेकॉर्डिंग बाय ओरिजिनल आर्टिस्ट' असं असलं तर ठेवून द्या. स्ट्रीमिंगवर पण हाच घोळ आहे, तिथं गाण्याखाली कंपनीचं नाव आणि वर्ष बघा आणि गाण्याची लांबी मूळ सिंगलशी जुळतेय का तेही बघा.

मोनो घेऊ का स्टीरिओ?

१९६७-६८ पर्यंतचं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सगळा आवाज एकसारखा. त्या काळी रेडिओ मोनो, सिंगल मोनो, आणि खरं मिक्सिंग मोनोचंच व्हायचं. स्टीरिओ हे नंतर कुणीतरी केलेलं काम असायचं, आवाज एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात. हेडफोनवर तर गाणं मधून चिरल्यासारखं वाटतं.

काही कलेक्शन्स इतकी स्वस्त कशी? शंभर गाणी आणि किंमत नाश्त्याएवढी?

त्यातली वर्षं बघा, बहुतेक १९६२ ला थांबतील. युरोपात रेकॉर्डिंगचा हक्क आधी पन्नास वर्षं होता, मग तो सत्तर केला, पण तोपर्यंत १९६२ पर्यंतच्या रेकॉर्डिंगचा हक्क संपलेला होता आणि संपलेला परत जिवंत झाला नाही. त्यामुळे तिकडे कोणीही ती गाणी गोळा करून विकू शकतं. म्हणून सुरुवातीचं मोटाउन स्वस्तात मिळतं आणि 'माय गर्ल' त्यात कधीच नसतं. वाईट असतात असं नाही, फक्त काही जण जुन्या तबकडीवरून कॉपी मारतात तेव्हा खरखर ऐकून घ्या.

एकाच सीडीवर ओटिस रेडिंग आणि आयझॅक हेज सहसा का मिळत नाहीत? दोघं स्टॅक्सचेच ना?

फार चांगला प्रश्न आणि उत्तर दुःखद आहे. स्टॅक्सच्या रेकॉर्ड्स वाटायचं काम न्यूयॉर्कची अटलांटिक करायची. जिम स्टुअर्टनं करार नीट वाचला नव्हता. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली, स्टॅक्सवाले वेगळे व्हायला निघाले तेव्हा, १९६८ मध्ये, कळलं की आजवर अटलांटिकनं वाटलेल्या सगळ्या मास्टर्सची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकीही अटलांटिकचीच. म्हणजे ओटिस, सॅम अँड डेव्ह, सगळा खजिना एका कलमात गेला. त्याआधी काही महिन्यांपूर्वी, १० डिसेंबर १९६७ ला, ओटिस विमान अपघातात गेला होता, वय २६. 'डॉक ऑफ द बे' नुकतंच रेकॉर्ड केलेलं, स्टॅक्सच्या घरच्या बँडमधला गिटारवाला स्टीव्ह क्रॉपरनं त्यावर लाटांचा आणि पक्ष्यांचा आवाज नंतर घातला, आणि अमेरिकेच्या पॉप यादीत गायकाच्या मृत्यूनंतर नंबर एक झालेलं ते पहिलं गाणं.

स्टॅक्सनं शून्यातून परत उभारलं, आयझॅक हेजच्या 'शाफ्ट' सिनेमातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं, पण १९७५ मध्ये दिवाळं निघालं. थिएटर १९८९ मध्ये पाडलं. आता त्याच जागी म्युझियम आहे, २००३ पासून. पण १९६८ च्या अलीकडची आणि पलीकडची गाणी आजही दोन वेगळ्या मालकांकडे आहेत, म्हणून कलेक्शन्स पण बहुतेक वेळा दोन.

मग घेऊ तरी काय? सरळ नावं सांगा.

मोटाउनसाठी 'हिट्सव्हिल यूएसए', १९९२ चा चार सीडींचा सेट, १९५९ ते १९७१, १०४ गाणी. हे एकच घेतलं तरी आयुष्यभर पुरतं. स्टॅक्ससाठी 'कम्प्लीट स्टॅक्स व्होल्ट सिंगल्स १९५९-१९६८', नऊ सीडी, हा मात्र लागण झाल्यावर. सॅम कुकसाठी 'पोर्ट्रेट ऑफ अ लेजंड'. अरीथासाठी '३० ग्रेटेस्ट हिट्स'. अल ग्रीनचा १९७५ चा 'ग्रेटेस्ट हिट्स', दहाच गाणी पण एक जागा हलवावीशी वाटत नाही, रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत लावायला यासारखं दुसरं नाही.

अरीथाचं 'रिस्पेक्ट' ऐकाल तेव्हा ओटिसचं १९६५ चं मूळ 'रिस्पेक्ट' पण शेजारी ठेवून ऐका. ओटिसच्या गाण्यात दमून घरी आलेला नवरा मान मागतोय. अरीथानं १९६७ मध्ये तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं, ती एकेक अक्षर सुटं करून म्हणायची जागा स्वतः घातली, आणि गाण्याचा अर्थच फिरला. गाणं कुणाचं हा वाद तिथंच मिटला.

गाणी इतकी आनंदी, पण तो काळ तर दंगलींचा होता ना?

हो, आणि ही गाणी त्या काळातून पळून गेलेली नाहीत. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं, ४३ माणसं गेली, आणि हिट्सव्हिलचं घर त्याच शहरात. 'डान्सिंग इन द स्ट्रीट' १९६४ चं, मार्था रीव्ह्जनं ते नाचाचं गाणं म्हणून गायलं, पण रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी त्यातून वेगळंच ऐकलं. सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' तर सरळच आहे, तो डिसेंबर १९६४ मध्ये गेला आणि सिंगल म्हणून ते त्यानंतर निघालं. कलेक्शनमध्ये ही गाणी प्रेमगीतांच्या मधोमध येतात आणि ते बरोबरच आहे, तेव्हा रेडिओवरही तशीच यायची.

इंग्रजी शब्द नीट कळत नाहीत, मग ऐकून उपयोग काय?

मलाही सुरुवातीला अर्धे कळायचे नाहीत. ऐकत राहा, दहाव्या वेळी कळतात.

आपल्याकडे ही गाणी लोक कुठे ऐकायचे?

रेडिओ सिलोन, मुंबई आकाशवाणीवरचे पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम, चोर बाजारातल्या जुन्या तबकड्या, आणि ज्यांच्या घरात कोणी बोटीवर होतं त्यांच्याकडे कॅसेट. काळा घोड्याला रिदम हाऊस होतं, २०१६ मध्ये बंद झालं, तिथं मी तासन् तास कव्हरं वाचत उभा राहिलोय. आणि हिट्स कलेक्शनची आवड आपल्याला काही कमी नाही, सारेगामानं २०१७ मध्ये कारवां काढला, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, पुढे मराठी गाण्यांचाही आला. माझ्या आईच्या देव्हाऱ्याशेजारी तो असतो. बटण फिरवायचं आणि जे येईल ते ऐकायचं, हे के-टेलपेक्षा वेगळं कुठे आहे?

आजच्या पोरांना आवडेल का हे?

त्यांना आधीच आवडतंय, नाव माहीत नाही इतकंच. एमी वाइनहाउसचं 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' ऐकलंय ना, ते उभं आहे मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेलच्या १९६७ च्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'वर. माझ्या भाचीला मी दोन्ही लागोपाठ ऐकवली, तिनं दुसरं तीनदा परत लावलं.

जुनी कॅसेट सापडली, पण आवाज एकदम दबलेला येतोय. फेकून देऊ का?

अजिबात नाही! कॅसेटच्या मधोमध, जिथं टेप दिसते तिथं मागे पितळी पट्टीवर एक छोटा फेल्टचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो आणि आवाज दबतो. टेप बहुतेक चांगलीच असते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटमधला तुकडा काढून बसवा. स्क्रू नसतील, कडेनं चिकटवलेली असेल, तर ब्लेडनं हळू उकला आणि दोन्ही चाकं जशीच्या तशी उचलून दुसऱ्या स्क्रूवाल्या खोक्यात ठेवा. लावण्याआधी पेन्सिलीनं एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. आणि लागली की पहिल्याच फेरीत मोबाईलवर का होईना पण उतरवून ठेवा.

मामाची कॅसेट मी अशीच गेल्या गणपतीत दुरुस्त केली. कव्हरच्या आत त्यानं निळ्या पेननं गाण्यांची नावं मराठीत लिहून ठेवलीत, आईला वाचता यावीत म्हणून. 'माय गर्ल'पुढे एक छोटी फुली आहे. आईला विचारलं तर म्हणाली, ते मला आवडायचं ना, म्हणून.